पंपाच्या बोर्डातील ठोका : क्लॉकची चुकीची सेटिंग आणि तिचे धोके

विहिरीवरील पेटीत पूर्वी स्टार्टर, किटकॅट फ्यूज व फार तर एक व्होल्टमीटर एवढेच असे. आता कित्येक ठिकाणी त्याच पेटीत तळहाताएवढा एक बोर्ड येऊन बसला आहे. मोबाईलवरून मोटार चालू करणे, ठराविक वेळ ठिबक चालवून बंद करणे, एक व्हॉल्व्ह मिटवून दुसरा उघडणे, विहीर आटली असता मोटार थांबविणे, ही सर्व कामे तो करतो. उमापूर व गेवराई तालुक्यातील इतर गावांत ज्यांना रात्रीच्या पाळीच्या विजेवर कापसास किंवा उसास पाणी द्यावे लागते, त्यांचा अपरात्री बांधावर जाण्याचा त्रास व विंचूसापाची भीती या साधनामुळे पुष्कळ कमी होते, हे आम्ही प्रथमच नमूद करतो. प्रस्तुत लेखाचा हेतू या साधनाविषयी अविश्वास उत्पन्न करण्याचा नाही. परंतु या बोर्डात एक सेटिंग अशी आहे की ती चुकली असता बोर्ड बिघडल्याचे कोणतेच बाह्य लक्षण दिसत नाही. दिवा लागतो, रिले वाजतो, मोटार चालू होते, आणि नुकसान मात्र शेतात, विहिरीत व मोटारीत होत राहते. ही सेटिंग म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकची होय. तिची माहिती तालुक्याच्या गावचा कारागीर ठेवील, आपणांस तिचे काय, असे पुष्कळांस वाटते. कारागिराचे चुकले तरी पीक आपले जाते, एवढ्याच कारणाकरिता हा विषय सभासदांपुढे मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

ठोका म्हणजे काय

बोर्डातील प्रोसेसरला वेळ कळत नाही. त्याला फक्त मोजता येते. त्याच्या शेजारी स्फटिकाचा, म्हणजे क्रिस्टलचा, एक लहानसा तुकडा धातूच्या डबीत बसविलेला असतो. विजेच्या योगाने तो ठराविक गतीने थरथरतो आणि प्रत्येक थरथरीस प्रोसेसर एक ठोका मोजतो. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल म्हणजे दर सेकंदास १ कोटी ६० लक्ष ठोके. ‘अर्धा तास मोटार चालव’ असे आपण सांगतो तेव्हा प्रोग्राम त्याचे ठोक्यांत रूपांतर करतो, आणि तितके ठोके मोजून झाले की मोटार बंद करतो. अर्धा तास ही गोष्ट त्या बोर्डाच्या लेखी कोठेच नसते.

पूर्वी लग्नघटिका पाहण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत. पात्राच्या बुडास सूक्ष्म छिद्र असे, आणि आत पाणी शिरून पात्र बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे धरीत. मोजणारा मनुष्य कितीही सावध असला तरी छिद्र झिजून मोठे झालेले असल्यास त्याची मोजदाद बरोबर आणि वेळ मात्र चूक येई. प्रोसेसरची स्थिती तंतोतंत हीच आहे. तो मोजण्यात सहसा चुकत नाही. चुकतो तो एका ठोक्यास किती काळ लागतो याविषयीचा आपला समज.

याचे एक मोठे उदाहरण सन २०१८ मध्ये युरोपात घडले. तेथील पुष्कळ भट्ट्यांची व घड्याळ-रेडिओंची घड्याळे विजेच्या प्रवाहातील आंदोलने मोजून वेळ दाखवितात, आणि ही आंदोलने सेकंदास ५० असतात हे त्यांत गृहीत धरलेले असते. सर्बिया व कोसोवो यांच्यातील वीजपुरवठ्याच्या तंट्यामुळे त्या वर्षीच्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत ही संख्या सरासरीने ४९.९९६ इतकी झाली. फरक इतका सूक्ष्म की कोणाच्या दिव्यात तो दिसला नाही. तरीही युरोपातील अनेक देशांत ही घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली. एकही घड्याळ बिघडलेले नव्हते. साडेबारा हजारांत एक भाग इतक्या चुकीने जर हे होते, तर बोर्डातील ठोक्यात आठपट किंवा सोळापट चूक झाली असता काय होईल, याचा विचार करावा.

आठपट, सोळापट चूक होते कशी

अशी चूक दुर्मीळ असेल असे कोणी समजू नये. ती होण्यास एक साधे कारण पुरते. बोर्डाचा ठोका दोन ठिकाणी लिहिलेला असतो. एक, चिपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, म्हणजे ठोका कोणापासून घ्यावयाचा व त्यास कितीने भागावयाचे. दुसरे, प्रोग्राममध्ये, म्हणजे ठोका अमुक गतीचा आहे असे धरून चालावयाचे. ही दोन्ही जुळली तरच वेळ बरोबर येते. ती जुळली नाहीत तर यंत्रास तक्रार करण्याचा मार्गच नसतो, कारण दोहोंपैकी खरे कोणते हे त्यास ठाऊक नसते.

आर्डुइनो उनो या बोर्डावर एटमेगा ३२८पी नावाची चिप असते व ती १६ मेगाहर्ट्झवर चालते. कारागीर पुष्कळदा पूर्ण बोर्ड न घेता खर्च वाचविण्याकरिता तीच चिप सुटी आणून साध्या पट्टीवर बसवितो. कारखान्यातून येणारी सुटी चिप मात्र आपल्या पोटातील ८ मेगाहर्ट्झच्या आंदोलकावर चालते, आणि त्यासही आठने भागण्याची सेटिंग चालू असते. म्हणजे ती प्रत्यक्षात १ मेगाहर्ट्झवर चालते. तीत १६ मेगाहर्ट्झसाठी तयार केलेला प्रोग्राम तसाच भरला, तर प्रत्येक वेळ सोळापट लांबते. अर्ध्या तासाचे पाणी आठ तास चालते.

हा हिशेब एकरात मांडून पाहू. दीड मीटर अंतरावर नळ्या व ४० सेंटीमीटरवर ताशी दोन लिटरचे ड्रिपर असतील, तर एकरात सुमारे ६,६०० ड्रिपर येतात आणि ताशी सुमारे १३,००० लिटर पाणी पडते. अर्ध्या तासात ते साडेसहा हजार लिटर होते. तेच आठ तास चालल्यास एक लक्ष लिटरांवर जाते. काळ्या भारी जमिनीत कापसाच्या मुळ्या पाण्यात कुजू लागतात, ठिबकातून सोडलेले खत मुळांच्या खाली वाहून जाते, आणि उन्हाळ्यात इतके पाणी विहिरीत मुळीच नसल्यामुळे मोटार कोरडी फिरते. उलट बाजूची चूक झाली, म्हणजे ठोका अपेक्षेहून जलद पडू लागला, तर अर्ध्या तासाचे पाणी काही मिनिटांत आटोपते. फोनवर ‘पाणी पूर्ण’ असा संदेश येतो, वरची माती ओली दिसते आणि मुळे कोरडी राहतात. ही दुसरी चूक आठ-दहा दिवस लक्षात येत नाही, म्हणून आमच्या मते ती अधिक वाईट.

मोठ्या चिपांतही हेच घडते. एसटीएम३२ एफ१०३ या चिपवर सामान्यतः ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असून आतील यंत्रणा त्याची नऊपट करून ७२ मेगाहर्ट्झ ठोका तयार करते. क्रिस्टल सैल झाला, तडकला किंवा सुरूच झाला नाही, तर प्रोग्राम कसा लिहिला आहे त्यावर पुढील गोष्ट अवलंबून असते. कित्येक तयार प्रोग्रामांत अशा वेळी चिप मुकाट्याने आपल्या पोटातील ८ मेगाहर्ट्झच्या आंदोलकावर काम सुरू ठेवते. काम थांबत नाही; फक्त नऊपट संथ होते. यास्तव क्रिस्टल निकामी झाल्यास मोटार बंद करून लाल दिवा लावावा, अशी तरतूद प्रोग्राममध्येच करून घेतली पाहिजे. त्या चिपमध्ये क्रिस्टलवर लक्ष ठेवण्याची सोय आहे. ती वापरावयाची की नाही हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असते.

वेग वाढविण्याचा मोह

दुसऱ्या प्रकारची चूक अज्ञानाने होत नाही, हौसेने होते. ठोका वाढविला की यंत्र जलद चालते हे खरे असल्यामुळे कित्येक तरुण कारागीर मर्यादेबाहेर ठोका वाढवून पाहतात. हे का करू नये हे समजण्यास मोटेचे उदाहरण पुरे आहे. बैल कितीही चपळ असले तरी मोट पाण्यात बुडून भरण्यास जो अवकाश लागतो तो द्यावाच लागतो. न दिल्यास मोट अर्धी रिकामी वर येते. चिपमध्ये प्रोग्राम ज्या स्मृतीत साठविलेला असतो तिचेही असेच आहे. वर सांगितलेल्या एफ१०३ चिपमध्ये २४ मेगाहर्ट्झपर्यंत स्मृतीसाठी थांबावे लागत नाही, २४ ते ४८ पर्यंत एक ठोका थांबावे लागते व ४८ ते ७२ पर्यंत दोन. ठोका वाढविला आणि थांबण्याची सेटिंग तशीच ठेवली, तर प्रोसेसर अर्धवट वाचलेली आज्ञा पाळतो. ती आज्ञा कोणती असेल हे कोणास सांगता येणार नाही. मोटार बंद करण्याऐवजी चालू करण्याचीही ती असू शकेल.

ठोका व व्होल्टेज यांचाही संबंध लक्षात ठेवावा. एटमेगा ३२८पी चिपला २० मेगाहर्ट्झवर चालण्यास निदान ४.५ व्होल्ट व १० मेगाहर्ट्झवर चालण्यास निदान २.७ व्होल्ट लागतात. १६ मेगाहर्ट्झची चिप ३.३ व्होल्टवर चालविणे हे त्या मर्यादेच्या बाहेर आहे. टेबलावर ती चालेलही, परंतु शेतात चालेल याचा भरवसा नाही. आपल्याकडे सर्व मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की डीपीवरचा दाब किती खाली येतो हे वाचकांस सांगावयास नको. त्या क्षणी बोर्डास मिळणारे व्होल्टही खाली येतात आणि जलद ठोक्याची चिप प्रथम चुकते. याकरिताच त्या चिपमध्ये व्होल्ट कमी होताच तिला थांबवून ठेवणारी एक सेटिंग दिलेली असून तिचे १.८, २.७ व ४.३ असे तीन टप्पे आहेत. १६ मेगाहर्ट्झवर ४.३ चा टप्पा ठेवावा. तो बंद ठेवल्यास कमी दाबात चिप भरकटते, व तीत साठविलेले वेळापत्रकही बिघडू शकते.

उष्णतेची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. ठोका वाढला की चिप अधिक तापते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हातील बंद लोखंडी पेटीच्या आत त्याहून पुष्कळ अधिक उष्णता असते. रास्पबेरी पाय नावाच्या बोर्डावर चिप ८५ अंशांच्या जवळ पोहोचली की यंत्र आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे थंड खोलीत वाढविलेला वेग शेतावर दुपारी मिळतच नाही. त्याच बोर्डावर काही सेटिंगा एकत्र करून व्होल्ट व वेग बळेच वाढविल्यास त्याची कायमची खूण चिपमध्ये उमटते व हमी जाते. पंपाच्या कामास दर सेकंदास दोन-चार निर्णय पुरतात. तेथे अधिक वेगाचा उपयोग काय, हा प्रश्न कारागिराने स्वतःस अवश्य विचारावा.

मोटार व इन्व्हर्टर यांवरील परिणाम

स्टार-डेल्टा स्टार्टर बोर्डाकडून चालविला असेल तर ठोक्याची चूक थेट मोटारीच्या वेटोळ्यावर येते. समजा, मोटार १० सेकंद स्टारमध्ये ठेवून मग डेल्टात घ्यावयाची आहे. वेळ आठपट लांबली तर ती ८० सेकंद स्टारमध्येच भार ओढीत तापते. वेळ आठपट आखडली तर सव्वा सेकंदातच, गती येण्यापूर्वी, डेल्टात जाते व मोठा करंट घेते. दोन्ही बाजूंनी नुकसान मोटारीचेच होते, आणि पुन्हा वेटोळे भरणाऱ्याकडे ती जाते तेव्हा दोष सहसा विजेस दिला जातो.

सौर पंपाच्या इन्व्हर्टरात हा प्रश्न याहून नाजूक आहे. तेथे मोटारीस लागणारी सेकंदास ५० आंदोलने प्रोसेसरच ठोके मोजून तयार करतो. ठोका संथ झाला की आंदोलने कमी होतात, परंतु व्होल्ट मात्र तितक्या प्रमाणात कमी होत नाहीत, कारण ते ठोक्यांच्या गुणोत्तरावर ठरतात आणि गुणोत्तर बदलत नाही. कमी आंदोलनांवर पूर्ण व्होल्ट मिळाले की मोटारीचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो, करंट वाढतो व वेटोळे तापते. ठोका जलद झाला तर पंपाची शक्तीची मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीडपट वेगास सुमारे सव्वातीनपटीहून अधिक शक्ती लागते. शिवाय इन्व्हर्टरातील वरचा स्विच बंद झाल्यावर खालचा चालू करण्यापूर्वी अत्यल्प काळ थांबावे लागते. ७२ मेगाहर्ट्झवर १४४ ठोके म्हणजे २ मायक्रोसेकंद. चुकून १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसविला गेला तर ठोका १०८ मेगाहर्ट्झचा होऊन हाच अवकाश १.३३ मायक्रोसेकंदांवर येतो. त्यात वरचा स्विच पुरता बंद झाला नाही तर दोन्ही स्विच क्षणभर एकत्र चालू राहून आतल्या आत शॉर्ट होतो व स्विच फुटतात. म्हणून इन्व्हर्टरच्या बोर्डाचा क्रिस्टल बदलणे किंवा त्यात दुसरा प्रोग्राम भरणे हे काम ज्या कारखान्याने तो केला त्याच्याखेरीज कोणाकडूनही करवून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुका झालेला बोर्ड व गोंधळलेला संदेश

एटमेगा चिपमध्ये ठोक्याची निवड ज्या खुणांनी होते त्यांस ‘फ्यूज’ म्हणतात. हा आपला तारेचा फ्यूज नव्हे. त्यात काही जळत नाही. ती चिपमधील एक टिकाऊ नोंद असते. चुकून ‘ठोका बाहेरून येईल’ अशी नोंद केली आणि बाहेर ठोका देणारे काही नसले, तर चिप पूर्णपणे मुकी होते. नेहमीच्या साधनाने तिच्यात पुन्हा काही लिहिताही येत नाही, कारण ऐकून घेण्यासही तिला ठोका लागतो. अशी चिप मेली समजून टाकून देऊ नये. क्रिस्टलच्या पायावर बाहेरून ठोका पुरविला, किंवा १२ व्होल्टचा विशेष प्रोग्रामर वापरला, तर ती नोंद दुरुस्त होते. येथे शेतकऱ्याने पाहावयाची गोष्ट वेगळीच आहे : चिप मुकी असताना रिले कोणत्या स्थितीत राहतो? बोर्ड असा असावा की चिप थांबली, अगर काढून घेतली, तरी मोटार बंदच राहावी.

संदेशांची देवघेवही ठोक्यावरच चालते. बोर्ड व मोबाईलचे मॉड्यूल, किंवा बोर्ड व ओलावा मोजणारा सेन्सर, एकमेकांशी ठरलेल्या गतीने बोलतात. या गतीत दोन टक्क्यांपर्यंतचा फरक साधारणपणे चालतो. चिपच्या पोटातील आंदोलक मात्र कारखान्याच्या हमीप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, आणि उष्णतेने व व्होल्टने त्याची गती बदलते. त्यामुळे पहाटे बरोबर चालणारा बोर्ड दुपारी ‘मोटार बंद’ हा संदेश वाचू शकत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. सेन्सरचे उत्तर न आल्यास प्रोग्राम ते शून्य ओलावा असे समजतो की काय, हेही विचारून घ्यावे. तसे समजत असेल तर पावसातही पाणी सुरू राहील. अशा गोंधळाचे एक सर्वपरिचित उदाहरण ईएसपी८२६६ या वायफाय चिपचे आहे. तिच्या आरंभीच्या प्रोग्रामात क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचा धरलेला असून बोर्डांवर बहुधा २६ चा असतो. म्हणून तिचा पहिला संदेश १,१५,२०० ऐवजी ७४,८८० च्या गतीने बाहेर पडतो व न समजणाऱ्यास तो निव्वळ कचरा दिसतो.

दिवस दाखविणारे घड्याळ

ठोक्याहून निराळे असे एक तारीखवेळेचे घड्याळही पुष्कळ बोर्डांत असते. त्यास बहुधा ३२,७६८ हर्ट्झचा, म्हणजे हातघड्याळातलाच, क्रिस्टल असतो. साधा क्रिस्टल दशलक्षात ५० भाग चुकला तर महिन्यास सुमारे दोन मिनिटे फरक पडतो. उष्णतेनुसार आपणच दुरुस्ती करणारी डीएस३२३१ ही चिप साधारण तापमानात वर्षास सुमारे एक मिनिट इतकीच चुकते. शेतावरील पेटीसाठी हीच घ्यावी.

परंतु येथील खरी चूक साडेपाच तासांची होते. उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून मिळणारी वेळ ही जागतिक असते; सन १९०६ पासून चालू असलेली भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. हा फरक मिळविणे राहून गेले तर सकाळी सहाचे पाणी साडेअकराच्या उन्हात सुटते. मोबाईलच्या जाळ्यावरून मिळालेली वेळ आधीच भारतीय असली आणि प्रोग्रामने पुन्हा साडेपाच तास मिळविले, तर घड्याळ तितकेच पुढे जाते.

पावसाच्या नोंदीत या चुकीचे मोल मोठे आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा धरतात, आणि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानण्याची रीत आहे. समजा, आपण शेतात बसविलेल्या नोंदणी-यंत्राचे घड्याळ साडेपाच तास पुढे आहे. त्याचे साडेआठ खऱ्या पहाटे तीन वाजताच वाजतील. रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत ७० मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला ४५ तीनपूर्वी व २५ तीननंतर पडला, तर त्या नोंदीत एकाही दिवशी अतिवृष्टी दिसणार नाही. सरकारी पर्जन्यमापकांत असे होते असे आमचे म्हणणे नाही. सन २०२५ च्या सप्टेंबरातील पावसाने बीड जिल्ह्यात जी हानी झाली ती ताजी असताना इतकेच सांगावयाचे की, आपल्या म्हणण्यास पुरावा म्हणून जी नोंद आपण ठेवतो तिचे घड्याळ चुकीचे असेल तर तो पुरावा आपल्याच विरुद्ध जाईल.

परीक्षा कशी करावी

यासाठी कोणतेही महाग उपकरण लागत नाही. बोर्ड घेताना व प्रत्येक दुरुस्तीनंतर पुढील गोष्टी कारागिरासमक्ष कराव्यात.

पहिली : मोटारीचा फ्यूज काढून ठेवून, रिलेवर फक्त एक बल्ब जोडून, १० मिनिटांचा टायमर लावावा व मोबाईलच्या घड्याळाशी ताडून पाहावा. सोळापट, नऊपट वा दुपटीची चूक तत्काळ उघडी पडते. एका मिनिटाचा फरक आला तर चिप पोटातील आंदोलकावर चालली आहे असा संशय घ्यावा व क्रिस्टल बसवून घ्यावा.

दुसरी : हीच परीक्षा एकदा पहाटे व एकदा भर दुपारी, पेटी बंद ठेवून करावी. दोन्ही वेळा सारखेच उत्तर आले पाहिजे.

तिसरी : बोर्डाची वीज दहा वेळा काढून घालावी. प्रत्येक वेळी मोटारीचा बल्ब विझलेला राहून मगच ठरलेल्या वेळाने लागला पाहिजे. वीज येताच जो बोर्ड क्षणभरही रिले ओढतो तो स्वीकारू नये.

चौथी : बोर्डातील तारीख व वेळ मोबाईलशी जुळवून पाहावी, व वीज काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी.

पाचवी : ओव्हरलोड रिले, कोरडी मोटार थांबविणारे साधन व टाकीचा फ्लोट स्विच हे बोर्डाच्या आधीन न ठेवता स्वतंत्र असावेत. ‘आता बोर्डच सर्व पाहतो’ असे म्हणून जो ओव्हरलोड रिले काढावयास सांगतो त्याचे ऐकू नये. बोर्डाचा ठोका चुकला तर बोर्डाच्याच वेळेवर चालणारी सर्व संरक्षणे त्याच्याबरोबर चुकतात.

सहावी : पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवावा व त्यावर चिपचे नाव, क्रिस्टलची संख्या, प्रोग्राममध्ये धरलेला ठोका, चिपच्या फ्यूजच्या नोंदी, व्होल्टची मर्यादा आणि परीक्षेची तारीख कारागिराकडून लिहून घ्यावी. दोन वर्षांनी दुसरा कारागीर आला तर त्यास अंदाजाने काम करावे लागणार नाही. जो कारागीर हे लिहून देण्यास तयार नसेल, त्याच्या हाती मोटार देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

बियाणे घेताना आपण उगवणीची परीक्षा करतो. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवले ते मोजतो, आणि मगच पाभर धरतो. पिशवीवर छापलेल्या आकड्यावर सगळे शेत सोपवीत नाही. बोर्डासही दहा मिनिटांची तीच परीक्षा लावावी. या हंगामात ज्यांनी नवीन बोर्ड बसविले आहेत त्यांनी पुढील पाळीचे पाणी सोडण्यापूर्वी ती करून घ्यावी, व काही विशेष आढळल्यास चिपच्या नावासह आम्हांस कळवावे. इतर सभासदांच्या उपयोगाची माहिती पुढील अंकी देता येईल.